बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला

विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी अलका टॉकीज चौकात मोबाइल असून नसल्यासारखा होतो. हजारो फोन एकाच वेळी त्याच मोजक्या टॉवरांकडे वाट मागत असतात. कार्यकर्त्याच्या हातातला वॉकीटॉकी मात्र बोलत राहतो, कारण साध्या संचाला टॉवर लागतच नाही. एका अँटेनातून निघालेली लहर थेट दुसऱ्या अँटेनात शिरते.

बोलणं आणि ऐकणं, दोन्ही एकाच फ्रीक्वेन्सीवर. आपलाच ट्रान्समीटर चालू असताना दुरून आलेला क्षीण संदेश टिपणं म्हणजे ताशाजवळ उभं राहून कुजबुज ऐकणं. म्हणून ते बाजूचं बटण. दाबलं की अँटेना ट्रान्समीटरला जोडली जाते, सोडलं की रिसीव्हरला.

या अदलाबदलीला क्षणभर लागतो. शिवाय ऐकणाऱ्याच्या संचात, संदेश नसताना खरखर दाबून ठेवणारा ‘स्क्वेल्च’ असतो. तो उघडायलाही किंचित वेळ जातो. बटण दाबता दाबताच बोललात, तर पहिला शब्द गळतो. ‘नका सोडू पथक’ असं म्हणावं आणि पलीकडे ‘सोडू पथक’ एवढंच पोचावं! नवख्याला सगळ्यात आधी हेच शिकवायला हवं.

पल्ल्याचं काय? खोक्यावरचे किलोमीटर मोकळ्या माळाचे असतात. परवान्याशिवाय चालणाऱ्या संचांची ४४६ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ६७ सेंटीमीटर लांब. डोंगराला वळसा घालणं तिला फारसं जमत नाही. पेठांमधल्या इमारतींच्या दाटीत अर्ध्या वॅटचा संच लवकर दमतो. तोच सिंहगडाच्या माथ्यावर, समोर आडोसा नसताना, कितीतरी लांब ऐकू जातो. वॅट वाढवण्यापेक्षा उंची गाठणं केव्हाही चांगलं. ट्रेकमध्ये मागच्या गटाशी बोलायचं असेल, तर घळीतून हाका मारत बसू नका, धारेवर या आणि अँटेना उभी धरा.

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले मान्यताप्राप्त, कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे अनेक संच या पट्ट्याबाहेरही बोलतात, तेव्हा घेण्याआधी फ्रीक्वेन्सी वाचाच.

‘प्रायव्हसी कोड’ या नावावर तर मुळीच विसंबू नका. तो आवाजाखाली एक मंद, खर्जातला सूर मिसळतो, आणि तो सूर नसलेलं बोलणं तुमच्या संचात उमटू देत नाही. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनेलवरचा कुणीही कोड बंद ठेवून ऐकू शकतो.