‘चेंज द व्हॉइस’ची पार्श्वभूमी

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत ‘डू ॲज डायरेक्टेड’खाली व्हॉइसचे, म्हणजे ॲक्टिव्हचे पॅसिव्ह करायचे, वाक्य आले की मुंबईतल्या मराठी शाळांमधली मुले मनातल्या मनात कोष्टक घोकू लागतात: ॲम-इज-आर, वॉज-वेअर, मग व्ही थ्री (क्रियापदाचे तिसरे रूप), शेवटी बाय. या कोष्टकाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. युरोपातल्या पंडितांनी इंग्रजीची व्याकरणे लॅटिनच्या साच्यात बसवली, क्रियापदांचे ॲक्टिव्ह, पॅसिव्ह आणि न्यूटर (कर्म न घेणारी) असे तीन वाटे केले. १७९५ साली इंग्लंडात निघालेल्या एका शालेय व्याकरणातून ही वाटणी वसाहतींपर्यंत पोचली. लॅटिनमध्ये अनेक काळांत पॅसिव्हसाठी क्रियापदाचा शेवटच बदलतो आणि इंग्रजीला ‘टू बी’चा टेकू लागतो, याची फारशी फिकीर कोणी केली नाही.

मुंबईत १८५७ साली विद्यापीठ निघाले तेव्हा खुद्द इंग्रजीतच पॅसिव्हचे भांडण चालू होते. घराचे बांधकाम चालू आहे हे सांगायला जुनी माणसे ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरात आले आणि शुद्धतावाद्यांना ते अगदी ओंगळ वाटले. १८७० साली अमेरिकेत छापलेल्या एका पुस्तकात तर फक्त या रूपाला झोडपायला एक अख्खे प्रकरण आहे. आज आपली मुले अडखळतात तीही याच ‘बीइंग’पाशी.

खरा घोळ मात्र आपल्याकडचा आहे, आणि तो मराठीच्या तासाला सुरू होतो. १८३६ साली मुंबईत इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून मराठी व्याकरण छापले गेले. प्रयोग किती आणि ते कशावरून ठरवायचे, यावर पुढे व्याकरणकारांची बरीच जुंपली. १९११ सालच्या एका जाडजूड ग्रंथातही तो वाद आहेच. शाळेपर्यंत पोचली ती सोपी कसोटी: क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, कुणाचेच ऐकले नाही तर भावे. या कसोटीवर ‘मुलाने चिंच खाल्ली’ हे चोख कर्मणी. ‘पेरू खाल्ला’, ‘चिंच खाल्ली’, क्रियापद कर्मामागे जाते. पुढच्या तासाला इंग्रजीच्या बाई तेच वाक्य ॲक्टिव्ह म्हणून फळ्यावर लिहितात आणि त्याचे पॅसिव्ह करायला सांगतात. मूल गोंधळते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

ही रचना संस्कृतातून प्राकृतमार्गे आली. ‘रामेण फलं खादितम्’ हे संस्कृतात खरेखुरे कर्मणी. मराठीने आकार ठेवला, पण करणाऱ्याचा मान काही काढून घेतला नाही. ‘मुलाने घरी जाऊन आपली चिंच खाल्ली’ यात घरी गेला कोण? मुलगा. ‘आपली’ म्हणजे कुणाची? मुलाचीच. म्हणजे विभक्ती लागली तरी वाक्याचा मालक तोच. इंग्रजी पॅसिव्हमध्ये करणारा मागे सरतो, बहुतेक वेळा दिसतही नाही: ‘द टॅमरिंड वॉज ईटन’. त्याच्या जवळ जाणारे मराठी वाक्य म्हणजे ‘चिंच खाल्ली गेली’. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या साच्याला कुठल्या पुस्तकात नवीन कर्मणी म्हणतात, कुठल्या पुस्तकात कर्मकर्तरी, आणि तो इंग्रजीच्या प्रभावाने आला असे सर्रास शिकवले जाते. ‘कडून’चा सुळसुळाट इंग्रजीमुळे झाला हे मान्य. पण ‘मारा गया’ हिंदीतही आहे आणि जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी स्वतःची कर्मणी रूपे होती, तेव्हा सगळे श्रेय साहेबाला देऊन मोकळे होणे बरे नाही. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह हे समीकरण गाईडवाल्यांनी मात्र बिनधास्त छापले, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आजही तेच पाठ करतात.

गाईडचे एवढे फावले त्याला धोरणही कारण झाले. स्वातंत्र्यापूर्वी ‘इंग्रजी पहिली’पासून मॅट्रिकपर्यंत सात वर्षे मिळत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर गेले, म्हणजे अकरावीच्या एसएससीपर्यंत चार वर्षे उरली. लाल पुठ्ठ्याचे इंग्रजी व्याकरण, १९३०च्या दशकात निघालेले, तेवढ्यात उरकायचे तर सूत्रे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे इंग्रजी पाचवीपासून आले, १९७५ साली पहिली दहावीची परीक्षा झाली, पण सूत्रे टिकली. दादर-परळचे क्लास आणि गिरणगावातल्या रात्रशाळा दोन्हीकडे ती चालली. दिवसभर पाळी करून आलेल्याला सूत्रच परवडते. मात्र त्या सूत्रांनी ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ आणि ‘लेट द डोअर बी शट’ अशी वाक्ये जन्माला घातली, जी कुणा इंग्रजाच्या घरात सहसा ऐकू येणार नाहीत. काच कुणी फोडली हे विचारायला ‘हू ब्रोक द विंडो?’ पुरते.

२००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. पुस्तके संवादाकडे वळली, व्याकरण धड्यांच्या पोटात गेले, प्रश्नही कधी ‘अमुक शब्दाने सुरुवात करा’ असा येऊ लागला. दुसऱ्या बाजूने ‘पॅसिव्ह टाळा’ हा उपदेश पोचला. मुळात तो १९१८ सालच्या एका अमेरिकन पुस्तिकेत आणि १९४६ सालच्या एका गाजलेल्या इंग्रजी निबंधात आहे. आता ऑफिसातल्या संगणकावर पॅसिव्ह वाक्याखाली रेघही उमटते. हा उपदेश इथे अर्धाच पोचला असे वाटते. पाकीट मारले गेले आणि चोर माहीत नाही, तर ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’च म्हणायला हवे; तिथे ‘समवन’ला ओढून आणण्यात काय हशील?

सरकारी मराठीला तर हा उपदेश शिवलाही नाही. १९६४च्या राजभाषा कायद्यानंतर इंग्रजी मसुद्यांची जागा मराठी मसुद्यांनी घेतली, आणि ‘कळविण्यात येते की’, ‘कारवाई करण्यात येईल’ ही भाषा रुळली. फलाटावरच्या पाटीत ‘इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड’ असते, खाली मराठीत ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’. दिलगीर नेमके कोण आहे हे दोन्ही भाषांत कळत नाही, आणि पॅसिव्हचा हा उपयोग कुठल्याही कोष्टकात शिकवलेला नाही.