दूतावासाच्या मंचावर जाण्यासाठी : आयसीसीआर पॅनेलचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

परदेशातला भारतीय दूतावास एखादा महोत्सव भरवतो, तेव्हा भारतातून गेलेलं नृत्याचं किंवा गायनाचं पथक बहुतेक वेळा भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने, म्हणजे आयसीसीआरने पाठवलेलं असतं. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९५० मध्ये ही संस्था उभी केली. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. लंडनचं नेहरू सेंटर, बर्लिनचं टागोर सेंटर, मॉरिशसमधल्या फिनिक्सचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र ही सगळी तिचीच. मुख्यालय दिल्लीच्या आझाद भवनात असलं, तरी मुंबई, पुणे आणि गोव्यातही तिची कार्यालयं आहेत. त्यामुळे पहिल्या चौकशीसाठी दिल्ली गाठायची गरज नाही.

निवड कशी होते

परिषद कलाकारांची एक यादी ठेवते, तिला पॅनेल म्हणतात. तिकडे दूतावास किंवा सांस्कृतिक केंद्र यंदा त्या देशात काय दाखवायचं ते ठरवतं आणि दिल्लीकडे मागणी पाठवतं. मागणी आणि यादी यांची गाठ पडली की दौरा ठरतो. म्हणून पॅनेलवर नाव आलं म्हणजे दौरा मिळालाच, असं धरून चालू नका. आपल्याकडचे अनेक गुणी कलाकार इथेच थांबतात. नाव लागतं, वर्षं जातात आणि कुठूनच बोलावणं येत नाही, कारण दूतावासाकडे त्यांच्या कलेची मागणीच कुणी नोंदवलेली नसते.

कोण अर्ज करू शकतं

भारतीय नागरिक असलेला कलाकार एकट्याने किंवा पथकाचा प्रमुख म्हणून अर्ज करू शकतो. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्याइतकीच लोककलांनाही जागा आहे. गोंधळ, भारूड, पोवाडा, लावणी, दशावतार यांपैकी काहीही वर्ज्य नाही. तज्ज्ञांची समिती अर्ज पाहते आणि कलाकाराची श्रेणी ठरवते. नामवंतच हवेत असं नाही, होतकरू कलाकारांसाठीही वेगळी श्रेणी असते.

अर्ज परिषदेच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरायचा. सोबत कलाकाराचा परिचय, फोटो, पुरस्कार आणि कार्यक्रमांची प्रमाणपत्रं, वृत्तपत्रांतली कात्रणं, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची श्रेणी असेल तर तिचं पत्र आणि सादरीकरणाचा व्हिडिओ तयार ठेवावा. आकाशवाणी लोकसंगीतासाठीही ध्वनिचाचणी (ऑडिशन) घेऊन श्रेणी देते, हे खेड्यापाड्यातल्या पथकांना अनेकदा माहीत नसतं. उदयपूरचं पश्चिम क्षेत्र आणि नागपूरचं दक्षिण-मध्य क्षेत्र या सांस्कृतिक केंद्रांच्या महोत्सवात भाग घेतला असेल, तर ते प्रमाणपत्र आवर्जून जोडा. लोककलावंताच्या हाती पदवी नसते, तिथे असा सरकारी कागद मोलाचा ठरतो.

व्हिडिओवर मेहनत घ्या

समितीसमोर तुमच्या वतीने व्हिडिओच बोलतो. गोंधळी पथकांचे व्हिडिओ बहुधा लग्नघरातले असतात. सुरुवातीला सत्कार, मग निवेदकाचं भाषण, मधून ये-जा करणारे पाहुणे, आणि भोंग्यात फाटलेला संबळाचा आवाज. त्यात तुणतुणं ऐकूच येत नाही. त्यापेक्षा गावातल्या शाळेच्या सभागृहात एक कॅमेरा स्टँडवर लावा. पूर्ण पथक चौकटीत दिसू द्या, संबळ, तुणतुणं आणि गाणाऱ्याचा आवाज वेगवेगळा ऐकू येतोय ना, ते आधी तपासा, आणि थेट सादरीकरणापासून सुरुवात करा. मध्ये तुकडे जोडू नका. रात्रभर चालणारा गोंधळ परदेशातल्या मंचावर तासाभरात बसवावा लागतो. म्हणून गण, आवाहन, एक आख्यान अशी आटोपशीर मांडणी करून तीच चित्रित करा. आख्यानाचा सारांश इंग्रजीत चार ओळींत लिहून द्या.

पासपोर्ट, नोकरी आणि वाद्यं

मुख्य गायकाचा पासपोर्ट तयार असतो. हलगीवाल्याचा नसतो, आणि ऐनवेळी तोच मागे राहतो. दौऱ्याची वाट न पाहता सगळ्या साथीदारांचे पासपोर्ट काढून ठेवा. मुदत संपायला किमान सहा महिने बाकी हवेत. गावात एक नाव आणि आधारवर दुसरं, हा प्रकार लोककलावंतांत फार आहे. पासपोर्ट, आधार आणि अर्ज यांवर एकच नाव हवं. ‘शाहीर’सारखी बिरुदावली त्यात मिसळू देऊ नका.

साथीदार शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असेल, तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. परदेशी संस्था पाहुणचार करणार असेल, तर सरकारी कर्मचाऱ्याला परकीय योगदान नियमन कायद्यानुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगीही घ्यावी लागते.

गोव्याच्या पथकांनी घुमट या कातडं मढवलेल्या मातीच्या वाद्याकडे विशेष लक्ष द्यावं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घोरपडीच्या कातड्याचं घुमट विमानतळावर नेणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण. बकरीच्या कातड्याचंच घ्या. किमती वाद्यं असतील, तर निघताना सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ती नवी खरेदी ठरत नाहीत.

दुसऱ्या टोकाकडून प्रयत्न

दूतावासाकडे मागणी नोंदवण्यासाठी परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी पुढाकार घ्यायला हवा. मॉरिशसचंच पाहा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही झाकरी, म्हणजे कोकणातलं जाखडी हे लोकनृत्य, नाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मंडळाने रत्नागिरीतलं जाखडीचं पथक मागवलं, तर ती मागणी दूतावासाला पटवून द्यायला फार शब्द लागणार नाहीत. पण ती लेखी गेली पाहिजे. पत्रात तारीख, सभागृह, अपेक्षित प्रेक्षक, स्थानिक सहआयोजक, राहण्याजेवणाची सोय कोण करणार आणि हवी असलेली कला नेमकी कोणती, एवढं असावं. परिषदेने पाठवलेल्या पथकाचा आंतरराष्ट्रीय विमानप्रवास सहसा परिषद उचलते; तिथला पाहुणचार दूतावास किंवा यजमान संस्था करते. म्हणून यजमानाने आपला वाटा आधीच लिहून दिला, तर प्रस्ताव वजनदार होतो.

सरकारी पैशांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि दूतावास आपले कार्यक्रम आधीच आखतो. गणेशोत्सवासाठी पथक हवं असेल, तर ऑगस्टमध्ये लिहिलेलं पत्र उशिराचं ठरतं. ते आदल्या हिवाळ्यातच दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाकडे पोचवा आणि त्याची प्रत पथकप्रमुखाकडे ठेवा, म्हणजे मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या कार्यालयात पाठपुरावा करताना ती दाखवता येईल.