हार्पो मार्क्स

मार्क्स, हार्पो : (२३ नोव्हेंबर १८८८ – २८ सप्टेंबर १९६४). अमेरिकन विनोदी नट, मूकाभिनेता आणि हार्पवादक (हार्प म्हणजे बोटांनी छेडायचे मोठे तंतुवाद्य). ‘मार्क्स ब्रदर्स’ या नावाने गाजलेल्या पाच भावांपैकी दुसरा. मूळ नाव अडॉल्फ. पुढे त्याने ते बदलून आर्थर केले. मूकपटांच्या काळात न बोलणारे विनोदी नट पुष्कळ होते, कारण पडदाच मुका होता. हार्पोचे तसे नाही. पडद्यावर त्याचे नाव झाले ते बोलपटांतून, आणि जग सिनेमात बोलायला लागले असताना तो मात्र शेवटपर्यंत गप्प राहिला. गंमत अशी की, त्याआधी १९२५ मध्ये त्याने ‘टू मेनी किसेस’ या मूकपटात छोटी भूमिका केली होती, आणि त्यात त्याच्या तोंडी एक वाक्य आहे. अर्थात तेही पाटीवर लिहिलेले.

त्याचा जन्म न्यूयॉर्कचा. मॅनहॅटनमधल्या पूर्वेकडच्या ९३व्या रस्त्यावरील खोल्यांत हे भरलेले कुटुंब राहत असे. वडील सॅम मार्क्स आल्सासमधून आलेले शिंपी. मापाची टेप वापरायची नाही, नुसत्या नजरेने कापड बेतायचे, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे एकदा कपडे शिवून घेतलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नसे. स्वयंपाक मात्र त्यांचा उत्तम होता. आई मिनी जर्मनीहून आलेली. तिचे वडील शब्दभ्रमकार आणि जादूगार, आई हार्प वाजवणारी. मिनीचा भाऊ अल शीन याने रंगमंचावर चांगले नाव कमावले होते. आपल्या मुलांनीही तिथेच जायचे, हे मिनीने ठरवून टाकले होते.

शाळेशी हार्पोचे जमले नाही. वर्गातली दोन दांडगी मुले बाई बाहेर गेल्या की त्याला उचलून खिडकीतून खाली टाकत. असे बरेचदा झाल्यावर एक दिवस तो घरी गेला आणि परत आलाच नाही. ही हकिकत त्यानेच आत्मचरित्रात सांगितली आहे. त्या वेळी तो दुसरीत होता. पुढचे शिक्षण रस्त्यावर झाले. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानाच्या काचेआड एक माणूस सिगार वळत बसायचा. कामात तल्लीन झाला की त्याचे गाल फुगायचे, जीभ बाहेर यायची, डोळे तिरळे व्हायचे. हार्पो काचेबाहेर उभा राहून ते तोंड हुबेहूब करू लागला. माणसाने वर पाहिले, मुलगा पळाला. पण ते तोंड त्याच्यापाशी जन्मभर राहिले. भाऊ त्याला ‘गूकी’ म्हणत. हार्पोच्या प्रत्येक चित्रपटात ते कुठे ना कुठे सापडते, आणि ते शोधण्यात रसिकांना आजही मजा वाटते.

मोठा भाऊ चिको पियानो वाजवायचा. दोघे दिसायला इतके सारखे की चिको नोकरी मिळवायचा आणि हार्पोला पुढे पाठवायचा. हार्पोला गाणी यायची दोनच. ती संपली की हळू, जलद, पुन्हा हळू असे करत तो वेळ काढायचा, आणि मालकाच्या लक्षात आले की घरी परतायचा. १९०८ मध्ये मिनीने त्याला अशाच एका कामावरून उचलून कोनी आयलंडच्या रंगमंचावर भावांशेजारी उभे केले. समोरचे प्रेक्षक पाहून भीतीने त्याची विजारच ओली झाली. पुढे पन्नासहून अधिक वर्षे लोकांना हसवणाऱ्या नटाचे हे पदार्पण.

त्या काळी अमेरिकेत व्होडव्हिल जोरात होते. गाणे, नाच, कसरती, जादू, नकला असे एकामागून एक तुकडे एकाच खेळात, दिवसाला अनेक प्रयोग आणि आठवड्याला नवे गाव. भावांनी या फिरतीवर वर्षे काढली. १९१४ मध्ये इलिनॉयमधल्या गेल्सबर्ग गावी पत्त्यांचा डाव रंगला असताना सोबतच्या एका कलाकाराने पाने वाटता वाटता एकेकाला टोपणनाव दिले : चिको, हार्पो, ग्राउचो, गमो. झेपो हे धाकट्याचे नाव नंतरचे. हार्प वाजवतो म्हणून हार्पो. दुसरे कारण नाही.

गप्प बसण्याचे कारण मात्र ऐकण्यासारखे आहे. अल मामाने भाचरांसाठी ‘होम अगेन’ नावाचा खेळ लिहून दिला. त्यात हार्पोच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्ये आली. तो रुसला. मग मामाने समजूत काढली की तू मूकाभिनय कर, त्याने बोलक्या भावांसमोर तफावत चांगली उठून दिसेल. हार्पोने तरीही स्वतःची वाक्ये घालून पाहिली. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात परीक्षण आले : याचा मूकाभिनय सुरेख आहे, पण तोंड उघडले की सगळा परिणाम जातो. हार्पोने तो कागद मनावर घेतला आणि रंगमंचावर बोलणे सोडले. टीका इतकी नेमकी असावी आणि ती इतक्या मोकळ्या मनाने स्वीकारली जावी, असे कलेच्या इतिहासात क्वचितच घडते.

शब्द गेले, त्यांच्या जागी वस्तू आल्या. रबरी फुग्याचा टॅक्सीचा भोंगा, बोटे तोंडात घालून मारलेली शिट्टी, कुरळ्या केसांचा टोप आणि ढगळ कोट. टोप आधी लाल होता. ‘द कोकोनट्स’ (१९२९) या पहिल्या बोलपटात तो काळसर दिसला म्हणून पुढे फिकट सोनेरी केला. भोंग्याला होकार-नकार, राग-लाडीगोडी असे सगळे सूर होते. चिको त्याचा दुभाष्या. हार्पो हातवारे करतो, चिको चुकीचे अर्थ लावतो, हार्पो मान हलवतो, पुन्हा करतो, आणि प्रेक्षकाला अर्थ चिकोच्या कितीतरी आधी कळलेला असतो.

कोटाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हार्पोची बुद्धी त्या कोटात आहे. ‘हॉर्स फेदर्स’ (१९३२) मध्ये एक भणंग माणूस त्याच्याकडे कपभर कॉफीपुरते पैसे मागतो. हार्पो खिशात हात घालतो आणि वाफाळता कॉफीचा कपच बशीसकट बाहेर काढतो. त्याच चित्रपटात प्राध्यापक झालेला ग्राउचो त्याला उपदेश करतो की, मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळता येत नाही. इंग्रजीतली ही म्हण स्वतःला दोन्हीकडून झिजवू नये, अशा अर्थाची. हार्पो कोटातून दोन्ही टोकांना पेटलेली मेणबत्ती काढून दाखवतो. पत्ते खेळणारा कोणी ‘काप’ म्हणतो, तर हार्पो कुऱ्हाड काढून गड्डीचे दोन तुकडे करतो. याला नुसता आचरटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. सगळे बोलके लोक शब्द सैल वापरतात. हा मुका एकटाच त्यांचा शब्द पाळतो. ग्राउचो शब्दांच्या कसरती करून भाषा उलटीपालटी करी. हार्पो तीच भाषा शब्दशः खरी मानून तिची तितकीच तारांबळ उडवी. दोघांचा विनोद एकाच घरातला, हे इथे कळते.

‘ॲनिमल क्रॅकर्स’मधला (१९३०) प्रसंग असाच. पोलीस अधिकारी हार्पोला सन्मार्गाला लागण्याचा सल्ला देत त्याचा हात हातात घेऊन हलवतो. बाहीतून एक सुरी खाली पडते. अधिकारी बोलतच राहतो, हात हलतच राहतो, आणि सुऱ्या, काटे, चमचे खणखणत पडत राहतात. हार्पोच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नाही. तो उपदेश मनापासून ऐकतो आहे. शेवटी एक अख्खी कॉफीची किटली पडते. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की त्यात आपली मांडी ठेवून द्यायची, ही त्याची दुसरी खोड. समोरचा माणूस क्षणभर ती धरून उभा राहतो आणि मग त्याला कळते.

भोंगा वाजवत तरुणींच्या मागे धावणे हाही त्याच्या सोंगाचा ठरलेला भाग होता. तो आज खुपतो, हे सांगायलाच हवे. काळाने हार्पोच्या विनोदातला हाच तुकडा शिळा केला आहे.

‘डक सूप’मधला (१९३३, दिग्दर्शक लिओ मकॅरी) आरशाचा प्रसंग मात्र अजून ताजा आहे. ग्राउचोच्या वेशात, मिशी लावून, लांब झगा आणि रात्रीची टोपी घालून हार्पो घरात शिरला आहे. आरसा फुटतो. ग्राउचो समोर येतो, तेव्हा पकडले जाऊ नये म्हणून हार्पो त्याचे प्रतिबिंब होतो. ग्राउचो डोकावतो, हा डोकावतो. तो गिरकी घेतो. हा घेत नाही, नुसता वाट पाहून शेवटी तीच ढब घेतो. एकाची टोपी खाली पडते, तर दुसरा ती उचलून देतो आणि पहिला नकळत मान तुकवतो. आरसा नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, तरी खेळ चालू राहतो. या सबंध प्रसंगात कोणी बोलत नाही, पार्श्वसंगीतही नाही. १९५५ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ या दूरचित्रवाणी मालिकेत ल्युसिल बॉलसमोर हार्पोने हा खेळ पुन्हा केला.

हार्प तो स्वतःच शिकला. पाच-दहा सेंटच्या दुकानात लावलेल्या देवदूताच्या चित्रात वाद्य कोणत्या खांद्याला टेकवले आहे ते पाहून त्याने बैठक दुरुस्त केली. तारा त्याने आपल्या कानाने लावल्या, त्या रूढ पद्धतीने नव्हत्या. नोटेशन त्याला वाचता येत नसे. पुढे तो नामवंत शिक्षकांकडे गेला, तर तेच त्याची बोटे पाहत बसले. मिल्ड्रेड डिलिंग या वादिकेशी त्याची दीर्घ मैत्री झाली. बहुतेक चित्रपटांत सगळा गोंधळ थांबवून तो हार्पपाशी बसतो आणि चेहरा बदलतो. गूकी नाही, भोंगा नाही. एक प्रौढ माणूस खाली मान घालून वाजवतो आहे. कथानक अडते म्हणून या जागांना नावे ठेवणारे समीक्षक आहेत. पण ‘अ डे ॲट द रेसेस’मध्ये (१९३७) तो इतक्या जोरात पियानो बडवतो की पियानो मोडून पडतो, आणि मग त्याच मोडतोडीतून तारांची चौकट उभी करून तो ती हार्पसारखी छेडू लागतो. विध्वंसक आणि वादक हा एकच माणूस आहे, हे त्याने दुसऱ्या कोणत्याही प्रसंगात इतके स्पष्ट सांगितलेले नाही.

१९२४ मध्ये ‘आय’ल से शी इज’ या खेळाने भाऊ ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य रंगभूमीवर, पोहोचले. समीक्षक अलेक्झांडर वुलकॉट याने परीक्षणाला शीर्षक दिले : ‘हार्पो मार्क्स आणि काही भाऊ’. दोघांची घट्ट मैत्री जमली ती १९४३ मध्ये वुलकॉटच्या मृत्यूपर्यंत. त्याच्यामुळे हार्पो अल्गॉन्क्विन हॉटेलातल्या लेखक-पत्रकारांच्या प्रसिद्ध बैठकीत बसू लागला. तिथे सगळे एकाहून एक बोलणारे. ऐकणारा कोणीतरी हवा होता म्हणून मला घेतले, असे तो म्हणे. दुसरीत शाळा सोडलेल्या माणसाला ही जागा मिळाली, आणि त्याने ती मिरवली नाही.

१९३३च्या अखेरीस अमेरिकेने सोव्हिएत संघाला मान्यता दिल्यावर लगेच हार्पो तिथे प्रयोग करायला गेला. भाषेची अडचण त्याला येणार कशी? मॉस्कोतल्या अखेरच्या प्रयोगाला परराष्ट्रमंत्री लिटव्हिनोव्ह रंगमंचावर आले आणि त्यांनी हार्पोशी हस्तांदोलन केले, तेव्हा सुऱ्या पडल्या त्या मंत्र्यांच्या बाहीतून. आत्मचरित्रात ही आठवण तो मोठ्या आनंदाने सांगतो. चित्रकार साल्वादोर दाली तर त्याचा भक्तच होता. त्याने हार्पोला काटेरी तारांची हार्प भेट पाठवली; हार्पोने उत्तरादाखल बोटांना पट्ट्या बांधलेला आपला फोटो धाडला.

२८ सप्टेंबर १९३६ रोजी त्याने अभिनेत्री सुझन फ्लेमिंगशी लग्न केले. दोघांनी चार मुले दत्तक घेतली. किती मुले हवीत असे विचारल्यावर तो म्हणाला होता की, घराला जितक्या खिडक्या तितकी. कामाला निघताना प्रत्येक खिडकीतून एकाने हात हलवावा. थोरला मुलगा बिल पुढे संगीतकार झाला आणि त्याने वडिलांच्या हार्पवादनासाठी संगीतरचना केल्या. १९६१ मध्ये रोलंड बार्बर याच्या साहाय्याने लिहिलेले ‘हार्पो स्पीक्स!’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात तो मनसोक्त बोलला आहे.

जानेवारी १९६३ मध्ये पॅसाडीना येथील एका कार्यक्रमात त्याच्या निवृत्तीची घोषणा झाली. घोषणा करणारा विनोदी गायक ॲलन शर्मन याचाच कंठ दाटून आला. मग हार्पो पुढे झाला आणि बोलू लागला. इतकी वर्षे गप्प राहिलेला तो माणूस त्या संध्याकाळी थांबता थांबेना. पुढच्या वर्षी, लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले.