ऑल्टर्ड आर्ट

तयार, बहुधा वापरून झालेल्या वस्तूवर कागद, रंग, दोरा, कापड, बटणे, पत्र्याचे तुकडे यांचे थर चढवून तिला नवे रूप देण्याची कला. जुने पुस्तक, पत्त्यांचा कॅट, काडेपेटी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, बंद पडलेले घड्याळ, यांतले काहीही चालते. मूळ वस्तू मात्र ओळखू आली पाहिजे. कोलाजमध्ये बहुधा कोऱ्या पृष्ठभागावर तुकडे जमवले जातात. इथे पृष्ठभागालाच आधीचे आयुष्य असते. डब्याला सरसकट रंग फासून वर फुले काढली, तर तो रंगवलेला डबा. झाकणावरची जुनी छापील अक्षरे अर्धी उघडी ठेवून त्यांच्याभोवती काम केले, तर ते ऑल्टर्ड आर्ट. व्यवहारात ही सीमा काटेकोरपणे कोणी पाळत नाही. कोलाज, डेकूपाज (कापलेली चित्रे वस्तूवर चिकटवून वर वार्निश चढवणे), स्क्रॅपबुक (कात्रणे-चित्रे चिकटवलेली वही) आणि मिक्स्ड मीडिया (एकाच कामात अनेक माध्यमे) हे सगळे एकाच टेबलावर, एकाच कात्रीने चालते.

हे नाव प्रचलित होऊन फार काळ झालेला नाही, पण उद्योग जुना आहे. जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्र्याने १७६९ मध्ये इंग्लंडमधल्या व्यक्तींचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या पुढे लोकांना असे वेड लागले की, पुस्तक उसवायचे, त्यात उल्लेख असलेल्या माणसांची छापील चित्रे मिळवून मध्ये घालायची आणि दुप्पट-तिप्पट जाड झालेले पुस्तक पुन्हा बांधून घ्यायचे. या चित्रांसाठी दुसऱ्या चांगल्या पुस्तकांची पाने फाडली गेली, हे ओघाने आलेच. पुस्तक कापावे की नाही, हा आजही चालू असलेला वाद तेव्हापासूनचा.

त्याच काळातल्या मेरी डिलेनी या इंग्रज बाईंचे काम अधिक लोभस आहे. १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून त्यांनी फुलांच्या प्रतिमा करायला सुरुवात केली. एकेका फुलाला शेकडो तुकडे लागत. एका पाकळीतच फिकट-गडद छटांचे कागद एकावर एक येत आणि क्वचित खरे वाळलेले पानही त्यात बसवलेले असे. दृष्टी अधू होईपर्यंत त्यांनी जवळपास हजार फुले केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ती विश्वासार्ह वाटत. एकोणिसाव्या शतकात रंगीत छपाई स्वस्त झाली आणि कापून तयार मिळणारी फुले, देवदूत, बालके यांची चित्रे घरोघर वह्यांत चिकटवली जाऊ लागली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने तर पानावर आधीच डिंक लावलेल्या, नुसत्या ओल्या करून वापरायच्या स्क्रॅपबुकचे पेटंट १८७३ मध्ये मिळवले.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण रवि वर्मा यांच्या छापील चित्रांचे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली लक्ष्मी, सरस्वती, दत्त, शंकर-पार्वती ही चित्रे घराघरांत पोचली, पण ती जशी छापली तशी राहिली नाहीत. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरे कापड चिकटवायचे, काठाला जर किंवा कलाबतू शिवायची, दागिन्यांच्या जागी मणी, टिकल्या आणि खोटे मोती बसवायचे, असे काम घरोघरच्या बायका हौसेने करत. बाजारातही अशी चित्रे तयार मिळत. चेहरा, हात आणि पावले मात्र छापील तशीच उघडी ठेवत. त्यामुळे जवळून पाहिले की सपाट चेहरा आणि उठावदार साडी यांचा चमत्कारिक मेळ दिसतो. कापडाची कड छापलेल्या मनगटाला नेमकी भिडवणे हे यातले खरे कसब. ज्यांना ते साधले नाही, त्यांच्या देवीच्या बाहीखालून छापील साडीचा लाल रंग डोकावतो. छापखान्याने एकसारख्या काढलेल्या हजारो प्रतींपैकी आपली प्रत वेगळी करणे, हेच ऑल्टर्ड आर्ट. फक्त तसे नाव कोणी दिले नव्हते आणि देवघरातल्या वस्तूला कला म्हणायची रीतही नव्हती.

कलादालनात ही पद्धत आली ती १९१२ साली. पिकासोने वेताच्या विणकामाची नक्कल छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले आणि चौकट म्हणून सुंभासारखी दोरी लावली. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून वापरला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स हा कलावंत ट्रामची तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्राचे कपटे यांतून चित्रे करू लागला. भारतात रवींद्रनाथ टागोरांच्या हस्तलिखितांचा उल्लेख इथे करायला हवा. कवितेत खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत त्यांनी त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी उभे केले. १९२४ च्या सुमाराच्या ‘पूरबी’च्या वहीत हे विशेष दिसते. दृष्टी गेल्यावर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी कागद कापून, स्पर्शाने जुळवून कोलाज करत राहिले. मुंबईत जन्मलेले चित्रकार भूपेन खक्कर यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यात देवादिकांची बाजारू छापील चित्रे कापून कोलाजे केली. रवि वर्मांच्या परंपरेतला तो कागद असा पुन्हा एकदा कात्रीखाली आला.

पुस्तक बदलण्याच्या प्रकारातले सर्वांत चिकाटीचे काम टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकाराचे. १९६६ मध्ये लंडनमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने तीन पेन्सला एक विसरलेली कादंबरी उचलली: डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ ची ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’. तिच्या प्रत्येक पानावर त्याने रंग, शाई, कोलाज चढवले आणि मोजकेच शब्द उघडे ठेवले. हे सुटे शब्द अरुंद पांढऱ्या वाटांनी जोडलेले असतात, त्यामुळे डोळा कुठून कुठे जायचा ते चुकत नाही. पान दुमडल्यावर शीर्षकातली मधली अक्षरे झाकली गेली आणि ‘अ ह्यूम्युमेंट’ हे नाव मिळाले. नायकाचे नाव आहे टोग. मूळ मजकुरात ‘टुगेदर’ किंवा ‘ऑलटुगेदर’ असा शब्द असेल त्याच पानावर त्याला येता येते. पहिली सार्वत्रिक आवृत्ती १९८० ची, सहावी आणि शेवटची २०१६ ची. मधल्या काळात त्याने एकेक पान पुन्हा नव्याने केले. आज शाळाशिबिरांत वर्तमानपत्रावर काळा मार्कर फिरवून ‘ब्लॅकआउट कविता’ करवून घेतात, ती याच जातीची. पण मार्कर फिरवणे सोपे आणि उरलेल्या शब्दांतून वाक्य निघणे अवघड, हे पहिल्याच पानाला कळते.

पुस्तक निवडताना आधी बांधणी पाहतात. जुजबंदी केलेले, म्हणजे मधोमध दुमडलेल्या पानांचे गठ्ठे (जुज) दोऱ्याने शिवलेले, पुठ्ठ्याच्या कव्हराचे पुस्तक टिकते; नुसता पाठीला गोंद लावून बांधलेले पुस्तक ओला रंग लागला की पाने सोडू लागते. रद्दीवाल्याकडे जुने शब्दकोश, कालबाह्य कायद्याची पुस्तके, विश्वकोशांचे सुटे खंड किलोवर मिळतात आणि ते कापताना हात कचरत नाही. दुर्मीळ आवृत्ती किंवा कोणाची सही असलेली प्रत कापू नये, हा या छंदातला अलिखित संकेत. दर दोन-तीन पानांपैकी एक पान काढून टाकतात, नाहीतर चिकटकामाने पुस्तक फुगते आणि मिटत नाही. पान मुळापासून उपटले तर जुजाच्या पलीकडचे त्याचे जोडपान सुटते, म्हणून शिलाईपाशी बोटभर पट्टी ठेवून कापायचे. उरलेली दोन-तीन पाने एकत्र चिकटवली की रंग पेलणारे एक जाड पान होते. त्यावर जेसो, म्हणजे खडू मिसळलेला पांढरा अस्तर-रंग, पातळ लावतात. छापील मजकूर पुसट दिसत राहील इतकाच.

चिकटवण्याच्या द्रव्यावर निम्मे काम अवलंबून असते. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पक्का बसतो, पण एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. मैद्याची खळ ओली केली की सुटते, म्हणून मौल्यवान फोटो किंवा पत्र लावायचे तर खळच बरी. बाइंडर लोक खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकतात. झुरळे आणि कसर त्यामुळे दूर राहतात, पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती ही खळ देऊ नये. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी, चिंचोक्याची खळ वापरत आले आहेत, तीही कागदाला चांगली. कोणतेही द्रव्य असो, पातळ लावून मधून कडेकडे दाबत जायचे. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि वाळताना आखडतो. एकाच बाजूने चिकटवलेला पुठ्ठा त्यामुळेच वाकतो. मागच्या बाजूलाही कागद लावला की सरळ राहतो.

इंकजेटवर छापलेले चित्र ओल्या गोंदाने पसरते. झेरॉक्स प्रत पसरत नाही, कारण तिची काळी पूड उष्णतेने कागदावर वितळवलेली असते. तीच प्रत अॅक्रिलिक मीडियमवर (रंग नसलेल्या अॅक्रिलिक द्रवावर) पालथी चिकटवून, वाळल्यावर पाणी लावून पाठचा कागद बोटांनी चोळून काढला की नुसते चित्र उरते. ते उलटे येते, तेव्हा अक्षरे असतील तर आधी आरशातली प्रत काढावी लागते. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे. टिकाऊ काम हवे असेल तर चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्यावा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत अॅक्रिलिकने रंगवलेली समोरासमोरची पाने एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर ठेवणे किंवा पानावर मेण घासणे हा त्यावरचा उपाय.

वस्तूचा पुन्हा उपयोग म्हणून पाहिले, तर महाराष्ट्रातल्या घरांतला कागदाचा लगदा याचा जवळचा नातलग ठरेल. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्यांची पूड घालून केलेल्या लगद्याने बायका विरलेली सुपे आणि टोपल्या लिंपत. एखाद्या भांड्यावर लगदा थापून नव्या टोपल्याही करत. मेथीमुळे लगदा चिकट होतो आणि किडीपासून राखला जातो. सजावट हा इथे नंतरचा विचार.

छंदाची बाजारपेठ वाढल्यावर मुद्दाम डागाळलेले कागद, खोटी जुनी तिकिटे, गंजाचा रंग दिलेल्या चाव्या पाकिटांतून मिळू लागल्या. हे सामान देखणे असते, पण त्यावरचे काम बहुतेक वेळा एकमेकांसारखे दिसते. लाँड्रीची पावती, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती, एसटीचे तिकीट, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी यांतून जे जमते ते पाकिटातून जमत नाही, असे या क्षेत्रातल्या जुन्या मंडळींचे मत असते आणि ते रास्त आहे.

लहान आकारात हात बसवायचा असेल तर आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड हा प्रकार सोयीचा. एम. व्हेंची स्टिर्नेमान या स्विस कलावंताने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिकमध्ये तो रुजवला. कार्ड अडीच इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे खेळण्याच्या पत्त्याएवढे. त्यामुळे जुना पत्ता हाच आयता पाया होतो. ही कार्डे विकायची नसतात. ती फक्त प्रत्यक्ष भेटीत किंवा टपालाने अदलाबदल करायची. त्याच मापाची विक्रीसाठी केलेली कार्डे एसीईओ (आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स) या वेगळ्या नावाने ओळखली जातात.