बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणी

बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणी : सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली सुरू झालेली, ग्रामीण लोकसंख्येतील कर्करोगाची भारतातील पहिली नोंदणी. बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांच्या सहकार्यातून ती उभी राहिली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी प्रामुख्याने जोडलेली आहेत. या भागात कर्करोगाचे किती आणि कोणते रुग्ण आहेत, याचे आकडे गोळा करणे हा तिचा जाहीर हेतू. पण जिथे तज्ज्ञ नाहीत, पैसा नाही आणि दुखणे अंगावर काढण्याचीच सवय आहे, अशा भागात आरोग्यसेवा कशी पोहोचते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका पुरावाही तिच्यातूनच मिळाला.

भारतात कर्करोगाची पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुढे राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात बंगळूर आणि चेन्नईची भर पडली. ही सगळी मोठी शहरे. शहरात नोंदणीचे काम मुख्यतः कागदावर चालते : रुग्णालयांच्या नोंदी, प्रयोगशाळांचे अहवाल आणि मृत्यूचे दाखले तपासले की बहुतेक रुग्ण हाती लागतात. खेड्यात हे कागदच नव्हते. ज्या बाईच्या गाठीचा तुकडा कोणी तपासलाच नाही आणि जी घरीच वारली, तिची नोंद कोणत्याही रुग्णालयात सापडणार नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले असेलच, याचीही खात्री नव्हती.

बार्शी हे ठिकाण या कामाला सोयीचे होते. सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचा हा तालुका मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आहे. बार्शीची बाजारपेठ जुनी. कुर्डुवाडीहून बार्शीला येणारी अरुंद मापाची रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, तीही या व्यापाराच्या जोरावरच. परांडा-भूमकडच्या माणसाला बार्शी परकी नव्हती. बाजाराला आपण जातो त्याच गावात कॅन्सरचा दवाखाना असणे ही गोष्ट लहान वाटते, पण सोलापूर, मिरज किंवा मुंबई गाठण्याच्या तुलनेत तिने किती बायकांचा पाय घराबाहेर काढला असेल, याचा विचार केला की तिचे मोल कळते.

कार्यपद्धती : नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जात. गावातल्या जाणत्या माणसांना भेटून कोण आजारी आहे, कोण वारले, कोणाला उपचारासाठी बाहेरगावी नेले, याची विचारपूस करत. मात्र नुसत्या विचारपुशीने भागत नव्हते. कर्करोगाची लक्षणे ठाऊक नसतील, तर सांगणारा काय सांगणार? म्हणून बैठका घेऊन लक्षणे समजावून सांगितली जात : तोंडातली न भरणारी जखम, गिळताना होणारा त्रास, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जाणे. ज्यांना अशी लक्षणे होती त्यांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात यायला सांगितले जाई. बाहेरच्या रुग्णालयांतूनही या गावांतील रुग्णांच्या नोंदी मिळवल्या जात.

निष्कर्ष : मुंबईच्या मानाने बार्शी भागात कर्करोगाचे एकूण प्रमाण बरेच कमी आढळले. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त होता आणि स्तनाचा शहरापेक्षा कितीतरी कमी. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगांचा विचार करताना तंबाखू विसरून चालत नाही. या भागात पुरुष तंबाखू मळतात आणि अनेक बायका सकाळी दातांना मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावतात. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, हीच अडचण आहे.

खरे मोलाचे निरीक्षण वेगळेच होते. नोंदणी सुरू झाल्यावर काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यात हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्या काळात या गावांत तपासणीचे कोणतेही महागडे यंत्र आले नव्हते. लक्षण सांगणारे माणूस पुन्हा पुन्हा दारात येत होते, आणि ज्या दवाखान्याचे नाव ते घेत होते तो जवळच्या गावात खरोखरच चालू होता. या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या म्हणूनच फरक पडला, असे मानायला जागा आहे. जागृती झाली पण उपचार शंभर कोसांवर, किंवा दवाखाना आहे पण त्याचे नाव गावात कोणाला माहीत नाही, अशी उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत.

उस्मानाबाद चाचणी : याच पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची कोणती पद्धत मृत्यू टाळते, हे पाहणारी एक मोठी चाचणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची गावे ५२ समूहांत विभागून चार गट पाडले. एका गटात या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच होणार होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आठ वर्षांचे निष्कर्ष स्पष्ट होते. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या, तर नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४. उरलेल्या दोन पद्धतींमुळे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणीच्या बाजूने पुढे जगभर जी मते बनली, त्यांत या गावांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

या चाचणीच्या रचनेवर टीका झाली आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी कुठे करून घेता येईल याची माहिती दिली होती, पण ती तपासणी चाचणीचा भाग म्हणून त्यांना मिळाली नाही. ज्या भागात ‘नेहमीची सेवा’ म्हणजे जवळजवळ काहीच नाही, तिथे असा गट ठेवणे न्याय्य आहे का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला. मिळालेले ज्ञान अमोल आहे. त्याची किंमत मात्र गरीब बायकांनी मोजली, हे लिहिल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही.

कोण आले, कोण राहिले : तपासणीस पात्र स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रिया आल्या. ग्रामीण भारतात हे प्रमाण फार मोठे आहे. आलेल्या स्त्रियांमध्ये तरुण, शिकलेल्या, विवाहित आणि कुटुंबनियोजनाची साधने वापरलेल्या स्त्रियांचा भरणा तुलनेने अधिक होता. म्हणजे आरोग्यसेवेशी ज्यांची आधीच ओळख होती त्या आल्या. वयस्क आणि न शिकलेली बाई मागे राहिली, आणि या रोगाचा धोका तर वयाबरोबर वाढतो.

खर्चाची बाजू : तपासणीत दोष आढळला तरी शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या कुटुंबाला झेपणारा नसतो. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार विनामूल्य मिळू लागले, त्यांत कर्करोगाचे उपचारही होते. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मजुरी बुडणे, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या माणसाचे जेवण हा खर्च मात्र घरालाच उचलावा लागतो, आणि किरणोपचार कित्येक आठवडे चालतात.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसेटिक आम्ल लावून पाहणी करायची आहे. कमी खर्चाची आणि प्रशिक्षित परिचारिकेला करता येणारी म्हणून ही पद्धत निवडली गेली. बार्शीच्या शेजारी एचपीव्ही चाचणी सरस ठरूनही ती शासकीय कार्यक्रमाची मुख्य पद्धत झाली नाही, याचे सर्वांत मोठे कारण तिची किंमत. दरम्यान, बार्शीच्या नोंदणीची कक्षा मूळच्या ३४६ गावांबाहेर वाढली असून राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात आता उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांचेही आकडे येतात.