हेल्थ ॲपला पैसे भरायचे, पण नेमके कशाचे

वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं तर महिन्याला फक्त एवढेच रुपये पडतात, आणि एकदा पैसे भरले की आपण आपोआप नियमित होऊ, हा हिशोब आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पेमेंटच्या स्क्रीनवर बोट ठेवताना मनात केलेला असतो. यातला दुसरा भाग तपासून झालाय, ॲपवर नाही पण जिमवर. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या ७,७५२ मेंबरांची हजेरी बघितली आणि २००६ साली पेपर छापला. महिन्याला ७० डॉलरच्या वर फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारेक वेळाच यायचे, म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडले, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलरच लागले असते! शिवाय जाणं बंद झाल्यावरसुद्धा मेंबरशिप कॅन्सल करायला सरासरी दोन महिन्यांच्या वर लागले.

त्याआधी १९९८ मध्ये गुरविल आणि सोमण यांनी दाखवलं होतं की फी भरल्याभरल्या हजेरी वाढते, मग हळूहळू उतरते, आणि पुढचा हप्ता भरला की परत वाढते. म्हणजे पैसे भरल्याचा चटका खरा आहे पण तो लवकर विझतो. ॲपचं चित्र तर याहून वाईट आहे. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपचा वापर २०१९ मध्ये तपासला गेला, त्यात डाऊनलोड केल्यानंतर महिनाभराने ॲप अजून उघडणारे लोक होते ३ टक्क्यांच्या जरासे वर.

म्हणून कोणी मला विचारलं की अमुक ॲप घेऊ का, तर रेटिंग किती आहे वगैरे मी बघत नाही, मी एवढंच विचारते की पैसे भरल्यावर हे ॲप असं काय करून घेणार आहे ज्याने शरीरात किंवा डोक्यात खरंच काही बदलेल, आणि तेच फुकट मिळत नाही का.

झोपेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना मी इथेच बघते आणि सगळ्यात जास्त फायदा होण्यासारखी जागापण हीच आहे.

झोपेचे ॲप दोन जातीचे. पहिली जात मोजणारी. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा लाइट त्वचेतून परत किती येतो त्यावरून नाडी कळते, आत एक सेन्सर हालचाल टिपतो, आणि या दोन गोष्टींवरून ॲप अंदाज बांधतं की तुम्ही कधी झोपलात, गाढ झोप किती, स्वप्नाची झोप किती. स्लीप लॅबमध्ये हेच करायला डोक्यावर, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीवर इलेक्ट्रोड लावतात कारण झोपेचे टप्पे ठरतात मेंदूच्या लहरींवरून, आणि मनगटावर मेंदूच्या लहरी येत नाहीत. एकूण किती तास झोपलात याचा अंदाज घड्याळ बऱ्यापैकी देतं, पण गडबड अशी की जो माणूस अंथरुणात डोळे उघडे ठेवून निपचित पडलाय त्याला ते बरेचदा झोपलेला धरतं. म्हणजे ज्याला निद्रानाश आहे, नेमका त्याच्याच बाबतीत ते चुकतं! आणि सकाळी उठून स्कोअर बघायची सवय लागली की ५८ आला म्हणून दिवसभर थकल्यासारखं वाटणारे लोक मी बघितलेत. शिकागोच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा पेशंटांबद्दल लिहून त्या त्रासाला ऑर्थोसोम्निया असं नावच दिलं, परफेक्ट झोपेच्या मागे लागून झोप आणखी बिघडवणं. तेव्हा नुसत्या स्लीप स्कोअरसाठी आणि रंगीत ग्राफसाठी दरमहा पैसे भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जात उपचार करणारी. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची पद्धत आहे, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी, गोळ्यांशिवायची, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच द्या, गोळ्या नंतर. यातला जो भाग सगळ्यात जास्त काम करतो तो ऐकायला उलटा वाटतो, अंथरुणातला वेळ कमी करायचा. समजा एक बाई साडेदहाला आडवी होते, सातला उठते, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात, पण झोप लागते साडेपाच तासच, बाकीचा वेळ कूस बदलण्यात आणि घड्याळ बघण्यात. साडेपाच भागिले साडेआठ, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी झोप ६५ टक्के. हिला सांगतात की आता फक्त साडेपाच तासच अंथरुणात जायचं, रात्री साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही आणि सकाळी सहाला गजर, रविवारीसुद्धा, दुपारची डुलकी बंद. पहिला आठवडा खरंच वाईट जातो. पण जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो, तो एवढा वाढतो की अंथरुणात पडल्यापडल्या झोप लागायला लागते. झोपेचा टक्का ८५च्या वर गेला की वेळ १५-१५ मिनिटांनी वाढवायचा. सोबत दुसरा नियम, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाले की परत यायचं, म्हणजे अंथरूण दिसलं की जागं राहायची जी सवय मेंदूला वर्षानुवर्षं लागलीये ती तुटते. हा दुसरा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला, पहिला आर्थर स्पिलमन यांनी १९८७ मध्ये.

आता हे सगळं दर आठवड्याला डायरी बघून, टक्का काढून, पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून कोणीतरी करून घ्यावं लागतं, आणि हे जाणणारे थेरपिस्ट आपल्याकडे मोठ्या शहरातसुद्धा शोधावे लागतात, तालुक्याच्या गावी तर सोडाच. हे काम ॲप चांगलं करतं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने मे २०२२ मध्ये स्लीपिओ नावाच्या असल्याच प्रोग्रामची शिफारस झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून केली. ज्या ॲपमध्ये झोपेची डायरी आहे आणि त्या डायरीवरून वेळ बदलून देणारा सहाआठ आठवड्यांचा प्रोग्राम आहे, त्याला मी पैसे भरीन. आणि फुकट हवं असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने बनवलेलं इन्सोम्निया कोच आहे, इंग्रजीत आहे पण भाषा सोपी आहे, किंवा वहीत डायरी लिहूनपण वरचं गणित होतं.

पण एक गोष्ट, ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर आहे, जे रात्रीची गाडी चालवतात किंवा मशीनवर काम करतात त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण पहिल्या आठवड्यात झोप खरंच कमी होते. आणि जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं असेल तर ॲप बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

आता मेंदू तल्लख करणाऱ्या गेम्स. असल्या गेम्सचं ॲप विकणाऱ्या ल्युमोसिटीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने आरोप ठेवला की आमच्या गेम्सनी म्हातारपणचं विसरणं थांबतं, शाळेत ऑफिसात कामगिरी सुधारते हे दावे पुराव्याशिवाय केलेत, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. गेम खेळून माणूस त्या गेममध्ये सुधारतो, हे नक्की. पण तेवढ्याने किराणाची यादी लक्षात राहायला लागेल असं धरून चालू नका.

याच्या उलट गोष्ट आहे थोडं थोडं अंतर ठेवून आठवण्याची. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच अर्थहीन अक्षरं पाठ करायचे प्रयोग करून दाखवलं की आपण सुरुवातीला भराभर विसरतो, मग वेग कमी होतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले, एक त्यांनी परत वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने मात्र आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचलेल्यातलं ४२. अंकी नावाचं ॲप नेमकं हेच करतं, तुम्ही विसरायच्या बेताला आलात की तोच प्रश्न परत समोर टाकतं, आणि मेडिकलची पोरं ते जगभर वापरतात. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर ते फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात, साधारण २५ डॉलर. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही मी हे डोळे झाकून सांगेन, फक्त कार्डं स्वतः बनवा, दुसऱ्याची तयार कार्डं घेतली की अर्धा फायदा तिथेच जातो असा माझा अनुभव आहे.

खाण्याच्या ॲपबद्दल मत द्यायला मला जास्त जड जातं कारण इथे खरंच दोन्ही बाजू आहेत. काय खाल्लं ते रोज लिहून ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण गॅजेटने ते आणखी उतरेल असं नाही. २०१६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात ४७१ तरुण होते, सगळ्यांना डाएट आणि व्यायामाचं मार्गदर्शन, निम्म्यांना शिवाय दंडावर बांधायचं हालचाल मोजणारं यंत्र, आणि दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन साडेतीन किलो उतरलं होतं तर बिनयंत्राच्या गटाचं जवळजवळ सहा किलो. नेमकं असं का झालं ते त्या प्रयोगातून कळत नाही, पण यंत्र बांधलं की वजन उतरतं हे गृहीत मात्र त्याने मोडलं.

आणि आपल्या जेवणाची एक वेगळी अडचण आहे, फोडणी. आमच्या घरी मी पोह्याच्या फोडणीचं तेल एकदा वजनकाट्यावर धरलं, चौघांच्या पोह्यांना ३० ग्रॅम भरलं. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या, शेंगदाणे वेगळेच. शेजारच्या घरी त्याच पोह्यांना याच्या दुप्पट तेल असू शकतं, आणि फोटो काढून कॅलरी सांगणाऱ्या ॲपला कढईत काय ओतलं ते दिसत नाही. त्यामुळे फोटो-स्कॅनच्या प्रीमियमला मी पैसे भरणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणाचे तक्ते काढलेत, ज्वारी बाजरी नाचणीपासून पालेभाज्यांपर्यंत, तर ॲप त्या आकड्यांवर चालतं का एवढं विचारा. पैसे भरायचेच तर त्या प्लॅनचे भरा ज्यात जिवंत आहारतज्ज्ञ तुमची नोंद वाचून उत्तर देते, कारण कोणीतरी बघतंय ही गोष्ट माणसाला धरून ठेवते.

आणि ते कोणीतरी फार महागडं असावं लागतं असंही नाही. मला या सगळ्या विषयातला सगळ्यात आवडता प्रयोग आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या टीमने डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेले ५३७ नोकरदार पुरुष घेतले, सगळ्यांना सुरुवातीला आहार-व्यायामाचा सल्ला दिला, आणि निम्म्यांना त्यानंतर अधूनमधून साधे एसएमएस पाठवत राहिले. स्मार्टफोन नाही, ग्राफ नाही. दोन वर्षांत सल्ल्यावरच सोडलेल्या गटातल्या २७ टक्क्यांना डायबेटिस झाला आणि एसएमएसवाल्यांतल्या १८ टक्क्यांना. हे २०१३ मध्ये लॅन्सेटच्या डायबेटिसच्या मासिकात आलं. साध्या एसएमएसने एवढं होतं हे वाचलं तेव्हापासून मी कुठल्याही ॲपच्या दोनशे फीचरच्या यादीकडे बघत नाही.

पावलं मोजायला तर पैसे लागतच नाहीत, फोनमध्ये ते असतंच. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं-मोजणीच्या यंत्राच्या नावातून आलाय, वैद्यकीय अभ्यासातून नाही. २०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या अभ्यासात वयस्क बायकांमध्ये रोज साधारण ४,४०० पावलांवरच मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा सपाट झाला. घरी साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना हे नक्की सांगा, दहा हजार होत नाहीत म्हणून चालणंच सोडलेले लोक आहेत.

ध्यानाच्या ॲपला पैसे भरायला माझी हरकत नाही, आवाज आवडला तर भरा, पण मेडिटो आणि हेल्दी माइंड्स हे दोन फुकट आहेत, आणि इगतपुरीचं विपश्यनेचं शिबिर तर फी न घेता दानावर चालतं. मन खरोखर खचलेलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र कुठलंही सबस्क्रिप्शन घेत बसू नका, १४४१६ लावा. टेली-मानसची ही सरकारी लाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पैसे भरले म्हणजे आपली माहिती सुरक्षित, असंही समजू नका. बेटरहेल्प ही पैसे घेऊनच थेरपी देणारी सेवा, तरी लोकांची आरोग्याची माहिती फेसबुक वगैरेंना जाहिरातींसाठी दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये त्यांना ७८ लाख डॉलर मोजावे लागले. पाळीची तारीख, गोळ्यांची नावं, मूडची डायरी हे सगळं टाकण्याआधी ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट कशाला हवेत ते बघा आणि नको ते बंद करा.

शेवटी पैसे थांबवायची गोष्ट, कारण माझ्या मावशीचे एका योगा ॲपचे पैसे ॲप काढून टाकल्यावरही कट होत राहिले. ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन कॅन्सल करावं लागतं, थेट कार्डवर घेतलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, बंद करायचं, यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआय ॲपमध्ये. ऑटो-पेमेंट कापण्याच्या २४ तास आधी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे, तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवतो तेवढा वाचा. सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं हे नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाच्या यादीत अनुचित प्रकार म्हणून आहे, तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे. आणि फ्री ट्रायल घेतली तर त्याच दिवशी लगेच कॅन्सल करून टाका, प्ले स्टोअरवरून घेतलेली ट्रायल सहसा तिची मुदत संपेपर्यंत चालूच राहते, आणि आवडलं तर नंतर पैसे भरता येतातच.