ओझ्याचे पाटे, वेगाचे पाटे

जुनी स्पोर्ट्स कार मागून बसली, की बीड-जालन्याकडचा पाटेवाला, म्हणजे गाडीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या (पाट्यांच्या) कमानी, लीफ स्प्रिंगा, दुरुस्त करणारा, वाकून बघतो आणि म्हणतो, "कमान गेलीय, एक पाटा वाढवून देतो." ट्रकला हा इलाज लागू पडतो. या गाडीला तो मारक आहे.

लंडनच्या ओबादाया इलियटने १८०४ साली घोडागाडीसाठी पाट्यांच्या कमानीचं पेटंट घेतलं. त्याआधी गाडीच्या पोटाखालून जाड लाकडी तुळई जायची. कमानी आल्या, तुळई गेली, गाडी हलकी झाली. आपल्याकडचा टांगाही अशाच कमानींवर डुलला. १९३२ मध्ये निजाम राज्याच्या रेल्वेने बस सुरू केल्या, तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. पुढे ट्रक आले. ऊस, सरकी, खडी आली. इथल्या कारागिराचा हात ओझ्यावर घडला. माल वाढला की पाटा वाढवायचा, हे त्यातूनच आलं.

स्पोर्ट्स कारचा हिशेब वेगळा. १९६२ ते १९८० बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, मागच्या चाकांचा अख्खा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतात. पाट्यांच्या टोकाच्या सांध्यातला रबरी बुश झिजला, की वळणावर गाडीचं बूड सरकतं. ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला मागे पाट्यांचा एकच आडवा जुडगा. तिची चासी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून काढलेली, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड' नावाने बनत होती.

मीही एकदा माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला पाटा वाढवून घेतला होता. गाडी उंच झाली, पण गेवराईच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं जमीन सोडायला लागली. टनभर वजनाच्या गाडीला तो पाटा वाकवणंच जमेना.

शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने पाट्यांचा जुडगा सोडला. फरशीवर खडूने कमान आखली आणि एकेक पाटा थंडाच ठोकत त्या रेघेला लावला. डावी-उजवी बाजू त्याच एका रेघेवर जुळवली, हे मला फार मोलाचं वाटतं. गंज तारेच्या ब्रशने काढला, पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरलं, रबरी बुशला मात्र त्याचा थेंब लागू दिला नाही. बुशचे बोल्ट त्याने गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. जॅकवर आवळले, तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो.

काढलेला जास्तीचा पाटा गावातल्या लोहाराने मागून नेला. पाट्याच्या पोलादाचा कोयता धार धरतो, ऊसतोडीला तोच लागतो.